लाटा, अंदाज आणि बोर्ड: सर्फिंग करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

गोव्यात नाहीतर कोकणात दोन-चार वेळा बोर्डवर उभं राहून झालं की डोक्यात प्रश्न सुरू होतात, आणि इन्स्ट्रक्टरला विचारलं तर तो म्हणतो "तू आधी पॅडल मार" (म्हणजे बोर्डवर पालथं पडून हातांनी पाणी मागे सार). म्हणून हे पान. उदाहरणं मुद्दाम आपल्या किनाऱ्याची घेतलीत, कारण नेटवरचं बहुतेक सगळं कॅलिफोर्निया, हवाई नाहीतर ऑस्ट्रेलियाच्या हिशोबाने लिहिलेलं असतं आणि ते गोव्यातल्या मोरजीला लावायला गेलं की गडबड होते.

लाटांचा अंदाज देणाऱ्या अ‍ॅपमध्ये हाईट, पिरियड, डायरेक्शन, वारा असं सगळं येतं. पहिलं काय बघायचं?

पिरियड. सगळे हाईट बघतात आणि तिथेच फसतात.

पिरियड म्हणजे एक लाट गेल्यावर दुसरी यायला लागणारे सेकंद. खोल समुद्रात लाटेची लांबी काढायची तर पिरियडचा वर्ग गुणिले १.५६, उत्तर मीटरमध्ये. म्हणजे ६ सेकंदांची लाट ५६ मीटर लांब, आणि १४ सेकंदांची जवळजवळ ३०६ मीटर! लाटेची हालचाल पाण्यात तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पोचते, त्यामुळे ६ सेकंदवाली वरवर २८ मीटरपर्यंतचं पाणी हलवते आणि १४ सेकंदवाली दीडशे मीटर खोल. वरून बघितलं तर दोघी एक मीटरच्याच दिसतात, पण किनाऱ्याला धडकणारी ताकद मोजली तर दुसरी दुपटीहून जास्त भरते (एक मीटर रुंदीमागे साधारण ३ किलोवॉट विरुद्ध ७). शिवाय लांब पिरियडची लाट उथळ पाण्यात आली की जास्त उंच होते, एक मीटरचं स्वेल (लांबून चालत आलेल्या लाटा) फुटताना दीड मीटरची लाट होऊ शकते.

म्हणून "१.५ मीटर, ५ सेकंद" बघून खुश होऊन रात्रभर गाडी हाकत जाऊ नका, तिथे नुसता खळबळाट मिळेल. "०.८ मीटर, १४ सेकंद" दिसलं तर मात्र सुट्टी टाका.

वारा अजिबात नाही, समुद्र तेलासारखा सपाट, तरी मस्त लाटा येतायत. कुठून?

फार लांबून. दक्षिण गोलार्धात ४० ते ६० अक्षांशांच्या पट्ट्यात वर्षभर एकामागून एक वादळं फिरत असतात आणि त्यांना अडवायला तिथे जमीनच जवळजवळ नाही. लाट बनायला तीन गोष्टी लागतात: वारा किती जोरात, किती वेळ, आणि किती लांबीच्या पाण्यावरून वाहिला. त्या पट्ट्यात तिन्ही भरपूर. तिथे तयार झालेलं स्वेल उत्तरेकडे निघतं आणि आपल्याकडे येईपर्यंत साडेसहा हजार किलोमीटर कापतं. १४ सेकंदांच्या लाटांचा जथा ताशी ३९ किलोमीटरने चालतो (एकेकटी लाट त्याच्या दुप्पट वेगात पळते, पण ती जथ्याच्या पुढच्या टोकाला जाऊन विरते, त्यामुळे हिशोब जथ्याचाच), म्हणजे दिवसाला ९४० किलोमीटर, म्हणजे साधारण आठवडा. आज तुम्ही पकडलेली लाट गेल्या रविवारी कुठल्या तरी वादळात निघालेली असू शकते.

सगळ्या लाटा एकदम येत नाहीत. मॅरेथॉनमध्ये सुरुवातीला सगळे एका घोळक्यात असतात आणि वीसेक किलोमीटरनंतर फास्टवाले खूप पुढे जातात तसंच. १८ सेकंदांच्या लाटा साडेपाच दिवसांतच पोचतात, मग १६, मग १४. त्यामुळे अंदाजात पिरियड एकदम १८ ला उडी मारून मग रोज थोडा थोडा उतरत असेल तर समजा लांबच्या वादळाचं स्वेल आलंय, आणि खरी मजा पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी.

हे सगळं कोडं सोडवण्यात मोठा वाटा वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाचा. दुसऱ्या महायुद्धात त्याने आणि हॅराल्ड स्वेरड्रुपने लाटांचा अंदाज बांधायची पद्धत काढली आणि ती नॉर्मंडीच्या लँडिंगसाठी वापरली गेली, मग १९६३ मध्ये त्याने न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणीची ठाणी लावून अंटार्क्टिकाजवळच्या वादळातून निघालेलं स्वेल अख्खा पॅसिफिक ओलांडताना पकडलं. आजची सगळी सर्फ अ‍ॅप्स याच कामावर उभी आहेत.

याच स्वेलचा त्रासदायक अवतार म्हणजे केरळचं कल्लक्कडल. वादळ नाही, पाऊस नाही आणि अचानक पाणी घरात शिरतं. २०१२ मध्ये युनेस्कोनेही हा शब्द शास्त्रीय वापरासाठी मान्य केला. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था याचे इशारे देते. तसा इशारा असेल त्या दिवशी नवख्यांनी पाण्यात उतरायचं नाही, कारण लांब पिरियडमध्ये दहा-पंधरा मिनिटं शांत जातात आणि मग सेट, म्हणजे एकामागून एक मोठ्या लाटांचा घोळका, येतो.

मग डिसेंबर-जानेवारीत उत्तर-पश्चिमेकडून येणाऱ्या बारीक लाटा कुठल्या?

त्या शमालच्या. हिवाळ्यात अरबस्तानाच्या बाजूने शमाल वारे सुटतात आणि अरबी समुद्राच्या वरच्या भागात स्वेल तयार करतात. प्रवास कमी म्हणून पिरियडही कमी, सहा ते आठ सेकंदांच्या आसपास. रत्नागिरी आणि गोव्याच्या मोजण्यांमध्ये हे स्पष्ट दिसतं. शिकणाऱ्यांना एकदम बेस्ट, बाकीच्यांनी लाँगबोर्ड (लांब, जास्त तरंगणारा बोर्ड) काढावा.

सगळे पहाटे पाच वाजता का उठवतात? दुपारी काय लाटा संपतात का?

लाटा तेवढ्याच असतात, वारा बदलतो. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे घोकलेलं आठवत असेल, ते इथे कामाला येतं. रात्री जमीन गार होते आणि पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे हळू वाहतात, ते लाटेला समोरून धरून ठेवतात, लाट उशिरा आणि स्वच्छ फुटते, तोंड गुळगुळीत राहतं. अकरा-बाराच्या पुढे खारे वारे सुरू झाले की ते पाठीमागून लाट ढकलतात, वर स्वतःच्या छोट्या छोट्या लाटा तयार करतात आणि सगळा कचरा होतो. फेब्रुवारी ते मे हे इतकं ठरलेलं असतं की गोव्याजवळच्या मोजण्यांमध्ये रोज दुपारनंतर लाटांची उंची वाढताना आणि रात्री उतरताना दिसते. उंची वाढली म्हणून दुपारी जाणारे हौशी लोक असतात, त्यांना जाऊ दे.

भरती-ओहोटीचं गणित कसं करायचं? अ‍ॅप नसेल तर?

घरात कालनिर्णय आहे ना? तिथी बघा आणि पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर ४ गुणिले पाऊण म्हणजे ३, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. वद्य पक्षात परत एकपासून मोजायचं. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. हा हिशोब मुंबई आणि आसपासच्या किनाऱ्याला चांगला बसतो, गोव्याकडे भरती थोडी आधी येते, त्यामुळे तिथे टाइड टेबल बघितलेलं बरं.

आता याला पहाटेच्या वाऱ्याशी जोडा. वारा सकाळीच चांगला, म्हणजे आपली वेळ जवळजवळ ठरलेलीच आहे, सहा ते नऊ. मग तिथीवरून कळतं की त्या वेळी पाणी कुठे असेल. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती दुपारी बाराच्या दरम्यान, म्हणजे पहाटे सुकती आणि पाणी लांब गेलेलं. अष्टमीच्या आसपास पहाटे सहालाच भरती, पण ती भांगाची, चढउतार कमी. म्हणून तुमच्या आवडीचा बीच ओहोटीला चालतो की भरतीला हे एकदा कळलं की महिनाभर आधी वीकेंड ठरवता येतो, आणि हे कुठलंही पेड अ‍ॅप इतकं सोपं करून देत नाही.

उधाण आणि भांगातला फरक मुंबईकडे फार मोठा, उधाणाला चार-पाच मीटरपर्यंत चढउतार. दक्षिणेकडे जाल तसा तो कमी होतो, गोव्यात दोन मीटरच्या आसपास. त्यामुळे मुंबईजवळच्या सपाट बीचवर लाट चांगली फुटण्याचा टाइम तासाभराचा असतो आणि गोव्यात तोच आरामात तीन तास चालतो.

एकच स्वेल, तरी शेजारच्या दोन बीचवर वेगळ्या लाटा. का?

लाट साधारण तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीत आली की फुटते. तळ हळूहळू चढत असेल तर लाट वरून सांडत सांडत येते, ती शिकायला बरी. तळ एकदम चढला तर ती वळून पोकळ पडते, बॅरल म्हणतात ती. आश्वे, मांद्रे, मोरजी इथे तळ सपाट, म्हणून लाट मवाळ. गणपतीपुळ्याला किनारा उतरता आहे, लाट पायाजवळच आपटते आणि परत जाणारं पाणी माणसाला ओढतं, तिथे बुडण्याच्या बातम्या उगाच येत नाहीत. तो सर्फचा बीच नाही.

तळाच्या आकाराने लाट वळतेसुद्धा. उथळ भागावरचा तिचा भाग हळू होतो, खोलवरचा पुढे जातो आणि रेषा वाकते. याचा जगातला सगळ्यात भारी नमुना पोर्तुगालमधलं नाझारे. तिथे समुद्राखालची जवळजवळ पाच किलोमीटर खोल जाणारी दरी थेट किनाऱ्यापर्यंत आलीय. दरीवरून आलेलं स्वेल आणि शेजारच्या उथळ भागावरून आलेलं स्वेल एकाच जागी एकमेकांवर चढतात. जर्मन सर्फर सेबास्टियन स्टॉइटनरने ऑक्टोबर २०२० मध्ये तिथे पकडलेली लाट २६.२१ मीटर धरली गेली.

मग आपल्याकडे ताहितीसारखी लाट कधीच का येत नाही?

ताहितीच्या तेआहुपोला (२०२४ ऑलिंपिकचं सर्फिंग तिथेच झालं) खोल समुद्र आणि प्रवाळ यांच्यात अंतरच नाही, स्वेलला ब्रेक लावायला वेळ मिळत नाही. आपल्याकडे उलटं. समुद्राखालची उथळ जमीन मुंबईसमोर साधारण ३०० किलोमीटर आत जाते, गोव्यासमोर शंभरेक. १४ सेकंदांच्या लाटेला इतक्या लांबूनच तळ लागायला सुरुवात होते आणि ती घासत घासत येते. वाटेत मालदीव आणि लक्षद्वीप आहेतच, शिवाय स्वेल दक्षिणेकडून येतं आणि आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून बसलाय, म्हणजे तिरकं येऊन वळावं लागतं. इतकं सगळं होऊन जे उरतं ते आपलं. मला विचाराल तर शिकायला याच्याहून चांगला किनारा नाही, आणि ज्यांना हेच स्वेल कच्चं हवंय त्यांनी एप्रिल ते ऑक्टोबर मालदीव गाठावं.

पावसाळ्यात लाटा सगळ्यात मोठ्या, मग तेव्हाच बंद का?

कारण मोठ्या म्हणजे चांगल्या नव्हेत. नैऋत्य वारा दिवसरात्र किनाऱ्याकडे, समुद्रात तीन मीटरच्या वर लाटा, पिरियड मध्यम, एका मागून एक पांढरं पाणी, आत जायला वाटच नाही. नद्या-खाड्यांतून गढूळ पाणी, ओंडके, प्लास्टिक, तुटलेली जाळी. मासेमारी करणारे लोक पिढ्यानपिढ्या समुद्र ओळखतात आणि तेच होड्या वर ओढून ठेवतात, त्यावरून काय ते समजा.

पण पावसाळा एक काम करून जातो. पुळणीवरची वाळू ओढून थोड्या आत नेऊन तिचे दांडे बनवतो. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होत जातो तेव्हा हे दांडे अजून जागेवर असतात, म्हणून सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर भन्नाट जातो. पुढे वाळू हळूहळू परत किनाऱ्यावर येते आणि लाट फुटायची ती जागा गायब होते. "गेल्या वर्षी इथे लाट होती" याचं उत्तर बहुतेक वेळा हेच.

अंदाजात १ मीटर लिहिलं होतं, मग मधेच डोक्यावरून जाणारी कुठून आली?

अंदाजातली उंची म्हणजे सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. काही तासांत एखादी त्याच्या दुप्पट येणारच, ते अंदाज चुकणं नव्हे. उतरायच्या आधी वीस मिनिटं किनाऱ्यावर बसून बघायची सवय लावा.

हे अंदाज काढतं कोण? आणि दोन अ‍ॅप वेगळं का सांगतात?

बहुतेक अ‍ॅप स्वतः काही मोजत नाहीत. अमेरिकेच्या नोआ या हवामान संस्थेचं वेव्हवॉच थ्री नाहीतर युरोपच्या ईसीएमडब्ल्यूएफ या हवामान केंद्राचं मॉडेल, यातलं एक घेतात आणि रंगीत करून दाखवतात. मॉडेल वेगळं तर आकडे वेगळे. ही मॉडेलं समुद्राच्या चौकटी पाडतात आणि जागतिक मॉडेलची एक चौकट दहा ते पंचवीस किलोमीटरची असते, म्हणजे मोरजी, आश्वे, मांद्रे सगळे एकाच चौकटीत! वाळूचा दांडा, नदीचं मुख, डोंगराचा आडोसा यातलं काही त्याला दिसत नाही. अ‍ॅपमधले रेटिंगचे स्टार तर पूर्ण सोडून द्या.

मॉडेलला खायला वाऱ्याची माहिती लागते, ती उपग्रहांकडून येते. आपलं ओशनसॅट-३ नोव्हेंबर २०२२ मध्ये गेलं, ते समुद्रावरचा वारा मोजतं. त्याआधी २०१३ मध्ये इस्रो आणि फ्रान्सने मिळून सरल सोडलं, ते रडारने लाटांची उंचीच मोजायचं.

आणि खरी मोजणी म्हणजे बॉय, समुद्रात तरंगणारं मोजणीचं यंत्र. पिवळा गोळा, एक मीटरपेक्षा लहान, तळाशी नांगरलेला, आत प्रवेगमापक. लाटेबरोबर वरखाली झाला की त्या धक्क्यांवरून उंची आणि पिरियड निघतो. इन्कॉइसचा असा एक रत्नागिरीजवळ आहे. मॉडेल काय म्हणतंय आणि बॉय काय म्हणतोय हे शेजारी ठेवून बघायची मजा वेगळी, आणि फुकट आहे. इन्कॉइसच्या साइटचा चेहरा जुना आहे, दोनदा वैतागाल, पण आत माल चांगला. (मच्छीमारीच्या बोटी कधी कधी बॉयला बांधल्या जातात आणि मग तो बिघडतो, म्हणून मधेच डेटा गायब दिसला तर आश्चर्य नको.)

पाणी आत ओढायला लागलं तर?

लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी कुठून तरी परत जाणार, ते दांड्यातल्या खोल फटीतून अरुंद पट्ट्यात जातं. तोच रिप. वरून बघितलं तर दोन्ही बाजूला लाटा फुटतायत आणि मधे गडद शांत पट्टा, नवख्याला तीच जागा पोहायला सेफ वाटते आणि तिथेच घात होतो. जोराचा रिप ऑलिंपिक पोहणाऱ्यालाही मागे टाकतो, त्याच्याशी भांडायचं नाही. बोर्ड सोडायचा नाही, तो तरंगतोय तोवर तुम्ही तरंगताय. किनाऱ्याला समांतर पॅडल मारा, फुटणाऱ्या लाटांकडे जा, त्या आणून सोडतील. दम गेला तर नुसते पडून राहा आणि हात वर करा.

पहिला बोर्ड कुठला घेऊ? लिटर म्हणजे काय?

लिटर म्हणजे बोर्डचं आकारमान. एक लिटर साधारण एक किलो तोलतं, झालं आर्किमिडीजचं काम. सत्तर किलोच्या नवख्याला आठ फुटी, सत्तर-ऐंशी लिटरचा फोमबोर्ड. रील बघून सहा फुटी शॉर्टबोर्ड घेतलेले खूप जण दिसतात, सहा महिन्यांत तो बोर्ड विकायला निघतो.

मटेरियल दोन प्रकारचं. पीयू (पॉलियुरेथेन) फोमवर पॉलिएस्टर रेझिन, जरा जड, डिंग (आपटून खळगा किंवा चीर) पडली तरी पाणी हळू पितो. ईपीएस (थर्माकोलच्या जातीच्या) फोमवर इपॉक्सी, हलका आणि टणक, पण चीर पडली की पाणी शोषतो आणि गरमीत फुगतो. मे महिन्यात काचा बंद केलेल्या गाडीत ईपीएस बोर्ड दुपारभर ठेवला तर वरचा थर फुगून सुटतो, बोटाने दाबलं की टप टप आवाज येतो, मग दुरुस्तीवाल्याकडे वाऱ्या. सावलीत, पांढऱ्या कव्हरमध्ये ठेवा. वॅक्स (पाय घसरू नये म्हणून बोर्डवर लावायचं मेण) घेताना ट्रॉपिकलच घ्या, थंड पाण्याचं वॅक्स आपल्याकडे वितळून पायाला लागतं.

ईपीएस इतकं पसरलं त्यामागे एक किस्सा आहे. अमेरिकेतल्या बहुतेक बोर्डांचा कच्चा पीयू फोम क्लार्क फोम नावाची एकच कंपनी पुरवायची, आणि ५ डिसेंबर २००५ ला मालकाने ती एका दिवसात बंद केली. शेपर लोकांची (बोर्ड घडवणाऱ्यांची) पळापळ झाली आणि सगळे पर्याय शोधायला लागले.

फिन एक, दोन, तीन... फरक पडतो का?

पडतो, पण शिकताना नाही. फिन म्हणजे बोर्डखालचा माशाच्या परासारखा तुकडा, तो नसेल तर बोर्ड आडवा घसरतो. टॉम ब्लेकने १९३५ मध्ये पहिल्यांदा बोर्डखाली फिन लावला. ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने १९८० च्या सुमारास एकसारखे तीन फिन बसवले आणि १९८१ ला बेल्स बीचची स्पर्धा मारली, तेव्हापासून जास्त करून तीनच चालतात. फोमबोर्डबरोबर आलेले मऊ प्लास्टिकचे फिन राहू द्या, डोक्याला लागलं तर कळेल का ते.

वेटसूट लागतो का?

वेटसूट म्हणजे थंड पाण्यात घालायचा रबरी सूट. आपल्याकडे नाही लागत, पाणी वर्षभर सत्तावीस-अठ्ठावीसच्या आसपास. लांब बाह्यांचा रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारा पातळ टी-शर्ट) आणि झिंक सनस्क्रीन पुरे. वेटसूटची निओप्रीनवाली आयडिया १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ह्यू ब्रॅडनर नावाच्या बर्कलीच्या फिजिक्सवाल्याने काढली, तीही नौदलाच्या पाण्यात बुड्या मारणाऱ्या जवानांसाठी.

पाण्याच्या वर तरंगत जाणारा तो बोर्ड काय प्रकार आहे?

फॉइल. बोर्डखाली दांडी आणि तिला छोटे पंख. पाणी हवेपेक्षा आठशे पट दाट, त्यामुळे एवढासा पंखही माणसाला उचलतो. उचल वेगाच्या वर्गात वाढते, म्हणून एकदा वर आला की न फुटलेल्या, लोळणाऱ्या स्वेलवरही चालत राहतो. आपल्या मवाळ लाटांना खरं तर हे एकदम फिट. पण पंखाच्या कडा धारदार असतात, गर्दीच्या बीचवर फॉइल काढणाऱ्यांना मी तोंडावर बोलतो.

वेव्ह पूलमध्ये लाट कशी बनवतात?

सर्फिंगचा जगज्जेता केली स्लेटर याच्या कॅलिफोर्नियातल्या लेमूरच्या पूलमध्ये रुळांवरून पाण्यात एक मोठा पंख ओढतात, तळाचा आकार असा कोरलाय की लाट बराच वेळ एका बाजूने फुटत पुढे जाते. अ‍ॅडम फिंचम या द्रवगतिकीच्या शास्त्रज्ञाचं ते डिझाइन, डिसेंबर २०१५ मध्ये पहिला व्हिडिओ आला तेव्हा लोकं वेडी झाली होती. स्पेनच्या वेव्हगार्डनचं तंत्र वेगळं, तिथे ओळीने लावलेल्या मोठ्या फळ्या एकामागून एक पाणी ढकलतात. दोन्हीकडे वीज भरपूर लागते आणि तिकीटही तसंच.

सर्फ वॉच घ्यावं का?

लाटा मोजतं, वेग दाखवतं, भरतीची वेळ देतं. पहिल्या वर्षी त्या पैशात लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी), वॅक्स, डिंग रिपेअर किट आणि कोकणच्या दोन ट्रिपा होतात.

रात्री लाटा निळ्या चमकतात ते काय? त्यात सर्फ करू का?

नॉक्टिलुका नावाचे सूक्ष्म जीव. पाणी हललं की त्यांच्या आत रासायनिक क्रिया होऊन उजेड पडतो, म्हणून लाट फुटते तिथेच चमक दिसते. हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर अधूनमधून दिसतं. दिवसा त्याच पाण्यात कधी कधी हिरवट किंवा लालसर साय दिसते, वास येतो. जिथे दाट असेल तिथे अंगाला खाज सुटू शकते, आणि रात्री सेट दिसत नाही, लाइफगार्ड नसतो, दुसऱ्याचा बोर्डही दिसत नाही. किनाऱ्यावर उभं राहून पाय मारा, फोटो काढा आणि अलार्म पहाटेचा लावा.